खोली तीन पुरुष

घणसोली गाव, जि. ठाणे
६ ऑक्टोबर १९८१

ती. पुतळाताईस,

हिरामणचा पाया पडून नमस्कार. मी आपणहून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी अडलंय, हे तू वाचायच्या आधीच ओळखलं असशील. खरंच अडलंय.

इथल्या एका रसायनांच्या कारखान्यानं जाहीर केलंय की ज्यांच्या जमिनी सरकारनं घेतल्या त्यांच्यातून माणसं घेणार. घरटी एक. पण जमीन गेल्याचा दाखला दाखवून भागणार नाही, लेखी परीक्षा आहे. 'टाकी मापक' अशी जागा आहे, कायम नोकरी, गणवेशासकट. पेपर १७ जानेवारीला वाशीच्या एका शाळेत, सगळ्या गावांना एकच. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असतात, बरोबर वाटेल त्यावर पेन्सिलीनं खूण करायची. निम्मा पेपर घनफळाचा, म्हणजे वृत्तचिती आणि तिची भावंडं. मॅट्रिकला गणितात मी दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि तू शाळेत पहिली आलीस, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

बाबा म्हणाले, "जमीन एकल्याची गेली नाय, समद्यांची गेली. जो पास होल त्याची नोकरी." म्हणून मी दोन अर्ज आणलेत, एक माझा, एक तुझा. तुझा लग्नाआधीचा फोटो घरात आहे, तोच चिकटवतो. तू पत्रातून मला शिकव, म्हणजे तुझीही उजळणी होईल. दोघांपैकी कुणीही लागलं तरी नोकरी आपल्याच घरात.

आई बरी आहे. परड्यातल्या विहिरीला यंदा पाणी वर आहे.

तुझा
हिरामण


फुंडे, ता. उरण, जि. रायगड
१४ ऑक्टोबर १९८१

चि. हिरामण,

खूप आशीर्वाद. तू पत्त्यात अजून कुलाबा जिल्हा लिहितोस. नाव बदलून वर्ष होत आलं. पण आमचा पोस्टमनही कुलाबाच म्हणतो, त्यामुळे पत्र पोचलं.

मला परीक्षेला बसायचं आहे. लग्न झाल्यापासून इतकं सरळ वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते. इथंही जमिनी गेल्या. सासऱ्यांच्या दाखल्यावर मोठे दीर एका कंपनीत लागले. तेव्हा मी जेवताना म्हटलं होतं की मॅट्रिक पास तर या घरात मीच आहे. सासूबाईंनी मला आमटी वाढायला सांगितली. दीर सातवी नापास आहेत, पण त्यांच्या गणवेशाला इस्त्री मी छान करते.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "बापाच्या दाखल्यावर भेटत असंल तर बस की. आमचा काय जातंय?" म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरलं आहे. अर्जावर माझं नाव नीट लिही, पुतळामधला ळ तू नेहमी ल काढतोस.

आता गणित. वृत्तचिती या नावाला घाबरू नकोस. परड्यातली विहीर डोळ्यासमोर आण. वरून गोल आणि खालपर्यंत तेवढीच गोल, ती वृत्तचिती. आधी वरच्या गोलाचं क्षेत्रफळ काढायचं, २२/७ गुणिले त्रिज्येचा वर्ग. मग त्याला खोलीनं गुणायचं. झालं घनफळ. आपली विहीर चौदा फूट रुंद आहे, आजोबांना २२/७ ठाऊक असल्यासारखी. आणि खोल किती, तर बाबा सांगायचे, "तीन पुरुस." माणूस हात वर न करता उभा राहिला तर जेवढा, तो एक पुरुष. मी एकदा विचारलं होतं, बाईनं का नाही मोजत? बाबा खूप हसले होते आणि मला खांद्यावर घेतलं होतं.

दोन गणितं देते. एका टाकीचा व्यास १४० सेंटिमीटर, उंची २ मीटर. तिच्यात किती लिटर पाणी मावेल? दुसरं, एका विहिरीचा व्यास ७ मीटर व खोली १२ मीटर आहे, तर खोदताना किती घनमीटर माती निघाली?

आईला सांग, मी पुन्हा पुस्तक उघडलं आहे.

तुझी ताई


घणसोली गाव
२८ ऑक्टोबर १९८१

ती. ताईस,

नमस्कार. दोन्ही अर्ज टाकून आलो. तुझा ळ काढला, अगदी शेपटीसकट.

टाकीचं उत्तर १२,३२० लिटर आलं. सगळी रीत सोबत लिहिली आहे. विहिरीच्या गणितात तूच गोंधळ केलायस. खोली १२ मीटर म्हणतेस, मग ती विहिरीला लागून आहे का, आपण मागं भाड्यानं द्यायला काढली तशी? तिची उंची दिलेलीच नाहीस. मी आपल्या खोलीसारखी दहा फूट धरली, तर उत्तर भलतंच काहीतरी येतंय. बाबांना दाखवलं, तेही म्हणाले की इतकी लांब खोली कुणी बांधत नाय, मधे भिंत घालून दोन काढतात, दोन भाडेकरू बसतात.

दिघ्याहून खोलीसाठी रोज कुणी ना कुणी विचारत येतं. कारखान्यांची माणसं. इथं आता शेतीचं कुणी बोलत नाही, सगळे खोल्यांचंच बोलतात.

हिरामण


फुंडे
५ नोव्हेंबर १९८१

चि. हिरामण,

अनेक आशीर्वाद, त्यांची तुला फार गरज आहे. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. अरे बाबा, विहिरीची खोली म्हणजे ती किती खोल आहे ते. तिच्यात भाडेकरू राहत नाहीत.

आता टाकीचं बघ. तू व्यासाचा वर्ग केलास. १४० हा व्यास आहे, त्रिज्या त्याच्या निम्मी, ७०. सत्तरचा वर्ग ४,९००, गुणिले २२/७ म्हणजे १५,४००, गुणिले दोनशे. लिटर करायला हजारानं भागलं की ३,०८०. तुझं उत्तर बरोबर चौपट आलं. त्रिज्येऐवजी व्यास घेतला की नेहमी चौपटच येतं, हे पक्कं लक्षात ठेव.

आणि एक फसवणूक सांगते. पेपर काढणारा माणूस हुशार असतो. तू कुठं चुकणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि तुझ्या चुकीचं उत्तर तो चारांमध्ये छापून ठेवतो. (अ) मध्ये १२,३२० असेलच. तुला तुझा आकडा सापडेल, आनंद होईल आणि तू खूण करशील. तेव्हा आकडा सापडला म्हणून भुलायचं नाही, पुन्हा तपासायचं.

शेवटी '(ड) यांपैकी नाही' असं असतं. कंटाळा आला म्हणून त्यावर खूण करू नकोस. सगळं करून पाहावं, दोनदा तपासावं, आणि तरी कुठंच जुळलं नाही तर मगच ते.

मी चुलीपाशी बसून गणितं करते. हे जेवता जेवता बघतात आणि म्हणतात, "कर, कर." त्यांनी मला पेन्सिल आणून दिली, टोकदार, मागं रबर असलेली. लग्नात दिलेल्या साडीपेक्षा मला ती आवडली.

मला ही नोकरी हवी आहे, हिरामण. तू लागलास तर मी साखर वाटेन, खोटं नाही. पण माझा पेपर तुझ्याहून चांगला जाईल, आणि तो जाऊ दे अशी प्रार्थना मी करते, हेही तुला सांगून ठेवते.

तुझी ताई


घणसोली गाव
२० डिसेंबर १९८१

ती. ताईस,

नमस्कार. मधे लिहायला जमलं नाही. तू पाठवलेली सगळी गणितं केली, विहिरी, टाक्या, डबे, पाइप. आता व्यास दिसला की हात आपोआप निम्मा करतो. पंधरातली चौदा बरोबर आली. जे चुकलं त्यात पाइप आतून पोकळ असतो हे मी विसरलो.

माझं हॉल तिकीट आलं. तुझं फुंड्याच्या पत्त्यावर येईल, जरा उशीर होईल इतकंच. पोस्टाचं तुला माहीतच आहे. टेन्शन घेऊ नको.

गेल्या आठवड्यात उरणला आलो होतो, कामात होतो म्हणून तुझ्याकडं येता आलं नाही. स्टँडवर भावोजी भेटले, चहा घेतला. आणखी थोडी पाइपची गणितं पाठव.

हिरामण


फुंडे
२ जानेवारी १९८२

चि. हिरामण,

आशीर्वाद. हॉल तिकीट आलेलं नाही. पोस्टमनला मी वाटेतच गाठते, आता तो मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो. ह्यांना म्हटलं, तुम्ही वाशीला जाऊन चौकशी करून या. म्हणाले, "येल, येल." उरणला भाऊ भेटला होता हे ह्यांनी मला सांगितलं नव्हतं, तुझ्या पत्रातनं कळलं. विसरले असतील.

तू कारखान्याच्या कचेरीत जाऊन विचार. नाहीतर राहू दे, मी १७ तारखेला पहाटेच निघते. एस.टी.नं पनवेल, तिथून वाशी. अर्ज टाकलेला आहे, नाव नोंदलेलं आहे, तिकीट हरवलं म्हणून कुणी बाहेर ठेवत नाही. तू फाटकापाशी थांब, दोघं मिळून सांगू.

पोकळ पाइपची रीत सोबत आहे. बाहेरच्या वृत्तचितीचं घनफळ काढ, आतलंही काढ, आणि वजा कर. उरतो तो पत्रा. पेपरात घाई करू नकोस. प्रत्येक व्यासाच्या बाजूला आधी त्रिज्या लिहून घे.

तुझी ताई


फुंडे
२० जानेवारी १९८२

हिरामण,

तू मला पाहिलंस. मी फाटकाच्या बाहेर होते, तू मैदान ओलांडत होतास. मी हात केला. तू मान खाली घातलीस आणि आत गेलास.

फाटकावरच्या माणसाला मी सांगितलं की तिकीट पोस्टात हरवलं, नाव बघा. त्यानं बघितलं. म्हणाला, "बाई, एका घरचा एकच अर्ज घेतलाय आपण. गोटीराम यांच्या घरचा आत बसलाय. तुमी कुठल्या घरच्या?" मी म्हटलं, त्याच घरची, गोटीरामांची मुलगी. तो म्हणाला, "लग्न झालंय ना? मग सासरच्या दाखल्यावर या." मी सांगितलं, तिथला दाखला दिरांना गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. माझ्या हातात पेन्सिल होती, ती बघून दुसरीकडं बघायला लागला.

पेपर सुटायच्या आधी मी निघाले. माहेरी मी सासरची आणि सासरी मी माहेरची, एवढं त्या स्टुलावर बसून नीट कळलं.

दुसरा अर्ज कधी टाकलाच नव्हतास. तरी ळ शेपटीसकट काढला म्हणून लिहिलंस. त्याची काय गरज होती? पेपर काढणाऱ्याला चूक आधी ठाऊक असते असं मी तुला शिकवत होते. तू मला माझ्या मनातलंच उत्तर छापून पाठवलं होतंस. मला ते सापडलं, आनंद झाला, आणि मी खूण केली.

एक गोष्ट ऐकून ठेव. मी तुला व्यासाचाच वर्ग शिकवला असता तर तुला कधीच कळलं नसतं. प्रत्येक उत्तर तुला पेपरात छापलेलं सापडलं असतं. तू हसत बाहेर आला असतास.

पुतळा


घणसोली गाव
१६ फेब्रुवारी १९८२

ती. ताईस,

नमस्कार. पत्राच्या वर तू 'चि.'सुद्धा लिहिलं नाहीस. आईला वाचून दाखवताना मी ते मनानं घातलं.

निकाल लागला. मी पास झालो, एक तारखेपासून कामावर. वृत्तचितीचे सगळे प्रश्न बरोबर आले असं साहेब म्हणाले. (अ) मध्ये चौपट उत्तर खरंच होतं. मला तुझीच आठवण झाली.

घरटी एकच अर्ज घेतात हे मला पहिलं पत्र लिहिल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं. बाबांना विचारलं, कुणाचा टाकू? ते म्हणाले, "पोरगी दिली ती दिली. तिचा नाव आता फुंड्याला. पगार त्यांच्या घरात जाल, आमच्या हातात काय?" मी त्यांचं मोडू शकलो नाही. मोडायचं मनात होतं असंही लिहीत नाही, कारण ते खोटं होईल. तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू मला शिकवलं असतंस का? तुझ्याशिवाय मी पास होणार नव्हतो. सांग, मी काय करायला हवं होतं?

आणि तुला अगदीच काही मिळालं नाही असं नाही. भावोजींना मी डिसेंबरातच उरणला सगळं सांगितलं. त्यांची हरकत नव्हती. मागं आणखी खोल्या काढू तेव्हा त्यांतली एक त्यांची, भाडं त्यांनी घ्यायचं, असं बाबांनी कबूल केलंय. म्हणजे तुझा वाटा तुझ्या घरी पोचला. तुला हॉल तिकीट येणार नाही हे त्यांनी हळूहळू सांगायचं ठरलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, त्यात माझा दोष नाही.

आई रडते. तू एकदा येऊन जा.

हिरामण


घणसोली गाव
९ मे १९८२

ती. ताईस,

नमस्कार. फेब्रुवारीतल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला विचारू?

काम बरं आहे. टाकीत वरून पट्टी सोडायची, ओल कुठपर्यंत आली ते बघायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्यासमोरचा आकडा वाचायचा. घनफळ कधी काढावंच लागत नाही, तक्ता आधीच केलेला आहे. नाव लिहिता येणारा कुणीही हे करील. मग परीक्षा कशाला घेतात ते साहेबांनाही माहीत नाही.

गावात नळ आला. विहिरीचं पाणी आता कुणी भरत नाही, म्हणून बाबांनी ठरवलंय की विहीर बुजवून त्या जागेवर चार खोल्या काढायच्या. त्यांतलीच एक भावोजींची. पावसाच्या आत भराव टाकायला हवा. ट्रकवाला विचारतोय किती ब्रास लागेल. शंभर घनफुटांचा एक ब्रास होतो, हे त्यानंच सांगितलं. रुंदी चौदा फूट, खोली तुला माहीतच आहे. मी बसून बघितलं, पण आता नक्की आठवत नाही की वर्ग त्रिज्येचा करायचा की व्यासाचा. सराव राहिला नाही. तू एका मिनिटात काढशील. उत्तर लगेच कळव, ट्रकवाला थांबलाय.

हिरामण


१७ मे १९८२

हिरामण,

गणित विचारलंस, गणितच लिहिते.

प्रश्न: एका विहिरीचा व्यास १४ फूट व खोली ३ पुरुष आहे. (१ पुरुष = ६ फूट.) ती बुजवण्यास किती ब्रास भराव लागेल?

(अ) १११
(ब) २८
(क) ८
(ड) यांपैकी नाही

बरोबर कुठलं ते मी सांगणार नाही. तू परीक्षा पास झालेला आहेस. एका उत्तरानं ट्रकवाला खूश होईल, एका उत्तरानं पहिल्या पावसात तुमच्या खोल्यांची जमीन खाली बसेल. तुझ्याकडं पेन्सिल नसेल तर माझी पाठवते, अजून तशीच टोकदार आहे.

हे रोज विचारतात, "खोली कवा होल?" मी आमटी वाढते. सबंध हिवाळा मी चुलीपाशी बसून टाक्या भरत होते आणि हे समोर बसून "कर, कर" म्हणत होते. मला तिकीट येणार नाही हे डिसेंबरापासून ठाऊक असताना म्हणत होते. त्यांच्यावर मी ओरडले नाही. तुझ्यावरही ओरडणार नाही. बाबांना फक्त एवढं वाचून दाखव की त्यांच्या पुतळाला आता कळलं, विहीर बाईनं का मोजत नाहीत. डोळे मिटले की मला त्या विहिरीत तिघं उभे दिसतात, तळाला बाबा, त्यांच्या खांद्यावर तू, तुझ्या खांद्यावर हे. बरोबर काठापर्यंत येता. तिथं मला जागा नव्हतीच, ती तुम्ही आता बुजवताय.

आईला भेटायला येईन, पण खोल्यांच्या बाजूनं येणार नाही.

या पत्राच्या मागं पाठवणाराचं घर लिहायला जागा छापली आहे. तिथं घणसोली लिहून पाहिलं आणि खोडलं. फुंडे लिहिलं, तेही खोडलं. घाई केली असं समजू नकोस. सगळं करून पाहिलं, दोनदा तपासलं, मगच (ड) लिहिलं आहे.

पुतळा